सोन्याच्या कणाचा ताप कसा मोजावा?

ताप मोजणे ही आपल्या सर्वांच्या ओळखीची गोष्ट आहे. पूर्वी घरोघरी पाऱ्याचा तापमापक असे. तो झटकून पारा खाली आणायचा, आजाऱ्याच्या जिभेखाली ठेवायचा आणि एक-दोन मिनिटे थांबायचे. या थांबण्यात एक शास्त्रीय तत्त्व दडलेले आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. तापमापक आजाऱ्याचे तापमान दाखवतच नाही. तो स्वतःचेच तापमान दाखवतो. अंग आणि पारा यांचे तापमान एक होईपर्यंत आपण थांबतो आणि मग पाऱ्याचे तेच आजाऱ्याचे, असे मानून चालतो. अंग मोठे व तापमापकाची घुंडी लहान, म्हणून हे मानणे खपून जाते. घुंडीने ओढून घेतलेली उष्णता अंगाला जाणवतही नाही.

आता उलट प्रसंग कल्पावा. आजारी घुंडीपेक्षा अडीच लाख पट लहान आहे, पाण्यात बुडालेला आहे आणि त्याचा ताप काही अब्जांश सेकंदांत चढतो-उतरतो. त्याच्या जिभेखाली काय ठेवणार? हा प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांना पडलेला आहे. हा आजारी म्हणजे लेसरने तापवलेला सोन्याचा अतिसूक्ष्म कण होय. आमच्या वाचकांत विज्ञान शाखेचे विद्यार्थी आहेत तसे दहावीनंतर विज्ञानाशी संबंध सुटलेलेही आहेत. दोघांनाही समजेल अशा भाषेत हा विषय मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

प्रथम या कणाची ओळख करून घेऊ. एक मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपण ज्या कणाविषयी बोलणार आहोत तो ४० नॅनोमीटर व्यासाचा आहे. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे सुमारे दोन हजार कण ओळीने मावतील. एवढे बारीक सोने पिवळे दिसत नाही, लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याच्या क्षारापासून माणकासारखे लाल पाणी तयार केले आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे, असे ओळखले. त्यांनी केलेले काही नमुने त्या संस्थेने अजून जपून ठेवले आहेत. हे सोने आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, फक्त ते सोने आहे हे ठाऊक नव्हते. कोरोनाच्या काळात घरी करायच्या चाचणीच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटत असे, ती बऱ्याच पट्ट्यांमध्ये सोन्याच्या अशाच कणांची होती.

रंग लाल का, याचे उत्तर आणि कण तापतो का, याचे उत्तर एकच आहे. धातूमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे असतात. प्रकाशाची लहर आली की ते सगळे मिळून मागे-पुढे हिंदकळतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो. तशी या कणातील इलेक्ट्रॉनांची लय हिरव्या प्रकाशाशी, म्हणजे साधारण ५२० ते ५३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाशी, जुळते. कण हिरवा प्रकाश गिळतो आणि उरलेला लाल आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. कणाचा आकार गोळीऐवजी काडीसारखा केला तर हीच लय अवरक्त प्रकाशाकडे सरकते. गिळलेल्या प्रकाशाचे काय होते? इतका लहान कण त्यातला फारच थोडा परत बाहेर टाकतो. बाकी सर्वाची उष्णता होते आणि ती भोवतालच्या पाण्यात उतरते.

किती तापतो, याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा एक मिलिवॅट शक्तीचा हिरवा लेसर, म्हणजे व्याख्यानात पडद्यावर ठिपका दाखवायला वापरतात तेवढ्याच शक्तीचा, एक मायक्रोमीटर लांबी-रुंदीच्या जागेवर एकवटला. तेथे आपला ४० नॅनोमीटरचा कण पाण्यात असेल तर त्याला लागून असलेले पाणी भोवतालपेक्षा सुमारे २० अंश सेल्सिअसने अधिक गरम होते. मात्र ही ऊब फार दूर जात नाही. कणाच्या केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचे अंतर २० नॅनोमीटर. त्याच्या दुप्पट अंतरावर वाढ निम्मी, म्हणजे १० अंश. दहापट अंतरावर, म्हणजे २०० नॅनोमीटरवर, अवघी २ अंश. वाचकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

ही उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. अमेरिकेत ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली असे दाखवून दिले की, सोन्याचा मुलामा दिलेले सूक्ष्म कण कर्करोगाच्या गाठीत पोचवून त्यावर अवरक्त लेसर सोडला तर गाठ आतून भाजून निघते. अवरक्त प्रकाश कातडी व मांस यांतून काही अंतर आत शिरतो, म्हणून चिरफाड टळते. पुढे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर १६ रुग्णांमध्ये ही पद्धत वापरून पाहण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. शरीराचे तापमान ३७ अंश. ४२-४३ अंशांवर पेशींना त्रास सुरू होतो, पन्नाशीच्या पुढे त्या झपाट्याने मरतात. गाठीच्या पेशी मराव्यात आणि तिला लागून असलेली मज्जातंतूची दोरी वाचावी, असे म्हणायचे असेल तर कोठे किती अंश आहे हे सांगता आलेच पाहिजे. अंदाजाने चालणार नाही.

आता तापमापकाकडे वळू. घुंडी आत जाणार नाही हे उघड आहे; तेव्हा घुंडी रेणूएवढी हवी आणि तिचा आकडा दुरून वाचता यायला हवा. येथे चमकणारी रंगद्रव्ये मदतीला येतात. काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश टाकला की ते दुसऱ्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. नोटेतले काही धागे जांभळ्यापलीकडच्या दिव्याखाली उजळतात, धुण्याच्या पावडरीने पांढरे कपडे अधिक पांढरे भासतात, ते यामुळेच. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली क्विनीनच्या द्रावणावर प्रयोग करून या घटनेचा उलगडा केला. आपल्याकडे तिला प्रतिदीप्ती असे नाव आहे.

या कामी सर्वांत जास्त राबलेले रंगद्रव्य म्हणजे रोडामाइन बी. हे नाव वाचकांनी वेगळ्या कारणाने ऐकले असेल. जत्रेतल्या गुलाबी 'म्हातारीच्या केसां'त हे अखाद्य रंगद्रव्य सापडल्यावर तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मिठाईवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने अशी रंगीत मिठाई बंद केली. पोटात जाऊ नये असा हा पदार्थ प्रयोगशाळेत मात्र मोठ्या उपयोगाचा ठरला आहे. त्याच्या रेणूला दोन बाजूंना दोन हात आहेत असे समजा. प्रकाश गिळून रेणू उत्तेजित झाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात : मिळालेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत द्यायची किंवा हात फिरवून ती उष्णतेत घालवायची. भोवतालचे पाणी जितके गरम, तितके हात अधिक मोकळेपणी फिरतात आणि चमक तितकी कमी होते. दर अंशाला ही चमक सुमारे दोन टक्क्यांनी उतरते. रोडामाइन १०१ या भावंडाचे हे दोन हात कड्यांनी जखडलेले आहेत, ते फिरूच शकत नाहीत. आणि त्याची चमक तापमानाने जवळजवळ बदलत नाही. हातांची गोष्ट ही केवळ कल्पना नाही, याचा याहून सरळ पुरावा आम्हांस सुचत नाही.

म्हणजे काम सोपे झाले, असे वाटेल. कणाभोवतीच्या पाण्यात रोडामाइन मिसळा, सूक्ष्मदर्शकातून पाहा, चमक दहा टक्क्यांनी उतरली तर तापमान पाच अंशांनी चढले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील संशोधकांनी २००१ साली केसासारख्या बारीक नळ्यांतील पाण्याचे तापमान याच रीतीने मोजले होते. पण चमक दहा टक्क्यांनी उतरण्याला इतर कारणेही असू शकतात. त्या जागी रंगद्रव्यच दहा टक्के कमी असेल. दिवा मंदावला असेल. उन्हात वाळत घातलेले लुगडे विटते तसा लेसरखाली रंग कायमचा विटला असेल. यांतली काही कारणे दूर करण्यासाठी पाण्यात दोन रंगद्रव्ये मिसळतात : एक तापमानाने मंदावणारे आणि दुसरे रोडामाइन ११० सारखे, ज्यावर तापमानाचा परिणाम फारच थोडा होतो. दोघांच्या चमकेचे गुणोत्तर काढले की दिवा मंदावल्याचा दोष दोहोंना सारखा लागून निघून जातो. दुसरा मार्ग असा की, चमक किती हे न मोजता ती किती वेळ टिकते हे मोजायचे. हा वेळ नॅनोसेकंदांत असतो आणि रेणू दहा असोत वा दहा हजार, तो बदलत नाही.

तिसरा मार्ग आम्हांस सर्वांत देखणा वाटतो. अंगणात पन्नास मुले उभी करा. सर्वांनी पूर्वेकडे तोंड करून डोळे मिटावेत व जागच्या जागी मनाला येईल तसे फिरू लागावे. चार क्षणांनी शिट्टी वाजवा आणि कोणाचे तोंड कोणीकडे आहे ते पाहा. मुले गुडघाभर चिखलात उभी असतील तर बहुतेकांची तोंडे अजून पूर्वेकडेच असतील. गुळगुळीत फरशीवर असतील तर दाही दिशांना. रंगद्रव्याच्या रेणूंचे नेमके असेच होते. एका दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश टाकला की त्या दिशेला तोंड असलेले रेणूच तो गिळतात. ते चमकेपर्यंत मध्ये काही नॅनोसेकंद जातात. तेवढ्यात ते गिरक्या घेतात. पाणी गरम असेल तर ते अधिक पातळ असते, गिरक्या जास्त होतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची दिशा विस्कटते. किती विस्कटली यावरून तापमान कळते. यामागचे गणित फ्रान्सिस पेरँ यांनी १९२६ सालीच मांडून ठेवले होते. स्पेनमधील बार्सिलोना येथील संशोधकांनी २००९ साली ते सोन्याच्या तापलेल्या सूक्ष्म रचनांना लावले. साधे पाणी लहान रेणूंसाठी फारच पातळ, तेथे सगळेच भोवऱ्यासारखे फिरणार. म्हणून त्यांनी ग्लिसरीन मिसळून चिखल केला. पुढे २०१२ साली त्याच गटाने जिवंत पेशींत हा प्रयोग केला. तेथे ग्लिसरीन ओतता येत नाही. त्यांनी पेशीला स्वतःच तयार करता येईल असे हिरवे चमकणारे प्रथिन वापरले. हे प्रथिन मुळात समुद्रातल्या जेलीफिशचे, आणि त्याच्या शोधाला व विकासाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले आहे. ते अंगाने थोराड असल्याने पेशीतील पातळ रसातही सावकाश फिरते. सोन्याच्या काड्या अवरक्त लेसरने तापवायच्या आणि प्रथिनाची चमक वाचायची, अशी ही विभागणी होती. तापवणारा दिवा आणि वाचणारा दिवा वेगळा असणे फार आवश्यक आहे, कारण कण तापवणारा हिरवा लेसर रोडामाइनलाही चेतवतो आणि दोन कामांची सरमिसळ होते.

डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१० साली आणखी एक युक्ती केली. थंडीत थिजलेल्या तुपात तापलेला खिळा ठेवला की भोवती वितळलेल्या तुपाचे वर्तुळ तयार होते. तूप किती अंशांवर वितळते ते ठाऊक असेल तर वर्तुळाची कड म्हणजे बरोबर तेवढे तापमान. त्यांनी तुपाच्या जागी स्निग्ध रेणूंचा पातळ पापुद्रा पसरला आणि वितळलेल्या भागात शिरणे पसंत करणारे रंगद्रव्य त्यात घातले. कणाभोवती चमकणारे वर्तुळ दिसले. त्याची त्रिज्या मोजली की पुढचे सारे अंतराच्या हिशेबाने काढता येते. येथे चमक किती, हा प्रश्नच उरत नाही. कड कोठे, एवढेच पाहायचे.

इतके झाल्यावर मूळ प्रश्न पुन्हा विचारू : आपण नेमके कोणाचे तापमान मोजले? कणाचे खचित नाही. रंगद्रव्य कणाच्या आत नाही, पाण्यात आहे. शिवाय सोने व पाणी यांच्या सीमेवर उष्णतेला थोडा अडथळा होतो. प्योत्र कापित्सा यांनी १९४१ साली द्रवरूप हेलियमच्या प्रयोगांत असा अडथळा प्रथम पाहिला. त्यामुळे आपल्या उदाहरणातील सोने त्याला चिकटलेल्या पाण्यापेक्षाही काही अंशांनी अधिक गरम असते, आणि हे अंश रंगद्रव्याला कधीच दिसत नाहीत. बरे, चिकटलेल्या पाण्यातले रंगद्रव्य तरी खरे बोलते का? तेही नाही. धातूपासून काही नॅनोमीटरच्या आत असलेल्या रेणूची ऊर्जा धातू परस्पर पळवतो आणि रेणू चमकतच नाही. ज्या जागी ताप सर्वांत जास्त, तेथलाच साक्षीदार मुका. थोडा दूर असलेला बोलतो, पण धातूच्या शेजारामुळे त्याच्या चमकेचा वेळही बदललेला असतो, आणि तो बदल तापमानाचा समजला जाण्याचा धोका असतो.

त्यात सूक्ष्मदर्शकाची अडचण. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २५० नॅनोमीटरपेक्षा लहान गोष्ट वेगळी दिसत नाही; तेवढ्या जागेतली सगळी चमक तो एकत्र करून देतो. वर दिलेले आकडे आता आठवावेत. कणालगत २० अंशांची वाढ असली तरी २५० नॅनोमीटर व्यासाच्या गोलाची सरासरी काढली तर ती जेमतेम ५ अंश भरते, आणि खोलीच्या दिशेने सूक्ष्मदर्शकाची नजर याहूनही जाड असल्याने प्रत्यक्षात आणखी कमी. म्हणजे प्रयोग करणाऱ्याने 'तापमान ४ अंशांनी वाढले' असे प्रामाणिकपणे लिहिले, तरी त्या वाक्यात कणाच्या अंगचा ताप नाही. तो मागाहून हिशेबाने काढावा लागतो.

या सर्वांहून चमत्कारिक प्रकरण पेशींचे आहे. जपानी संशोधकांनी २०१२ साली एक चमकणारा तापमापक पेशीत घालून असे जाहीर केले की, पेशीचे केंद्रक बाकीच्या भागापेक्षा सुमारे एक अंशाने गरम असते. येथे सोन्याचा कण नव्हता, लेसरने तापवणेही नव्हते; पेशीची स्वतःचीच ऊब मोजली होती. वृत्त उत्साहाचे होते. परंतु २०१४ साली फ्रान्समधील काही शास्त्रज्ञांनी पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. पेशी किती उष्णता निर्माण करते आणि पाण्यातून ती किती वेगाने निसटते, हे दोन्ही ठाऊक आहे. त्यावरून पेशीतला फरक एका अंशाच्या लाखाव्या भागाएवढा निघतो. सांगितलेला फरक आणि हिशेबातला फरक यांत एक लाख पटींची तफावत! मग चमकेत बदल दिसला तो कशाचा? पेशीच्या एका भागात रस दाट, दुसऱ्या भागात पातळ. कोठे आम्लता वेगळी, कोठे प्रथिनांची दाटी. रंगद्रव्य या सर्वांनाच दाद देते, असे त्यांचे म्हणणे. विरुद्ध बाजूने उत्तरे आली आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही. आमचे मत विचाराल तर हिशेबाचे पारडे जड वाटते. मात्र जिवंत पेशीतील उष्णतेचे वहन नुसत्या पाण्याइतकेच चांगले असते हे गृहीत धरणेही तपासले पाहिजे, हा प्रतिपक्षाचा मुद्दा आम्ही हलका मानत नाही.

सोन्याच्या कणाचा मान येथे वाढतो. त्यावर किती प्रकाश पडतो, तो किती गिळतो, ऊब अंतराने कशी घटते, हे सगळे आधी ठाऊक असल्याने रंगद्रव्याचीच परीक्षा त्याच्यापुढे घेता येते. लेसरची शक्ती दुप्पट केली तर तापमानाची वाढही दुप्पट झाली पाहिजे. लेसर कणावरून बाजूला सरकवला तर वाढ नाहीशी झाली पाहिजे. लेसर बंद करताच चमक पूर्ववत आली पाहिजे. नाही आली, तर ती तापाने उतरली नव्हती, रंग विटला होता. काही सेकंदांनी सावकाश आली, तर गरम जागेतून रंगद्रव्याचे रेणूच दूर सरकले होते आणि आता परतत आहेत, अशी शंका घ्यावी. कारण कणाची ऊब स्वतः काही नॅनोसेकंदांत विरते, तिला सेकंद लागण्याचे कारण नाही. आणि ज्या पाण्यात, ज्या पेशीत मोजायचे, त्याच पाण्यात व त्याच पेशीत आधी संपूर्ण काच सावकाश तापवून चमक व अंश यांचा तक्ता तयार करावा. परक्या पाण्यात केलेला तक्ता येथे लावणे म्हणजे शेजारच्या गावच्या मापाने आपले दूध मोजणे. हे सारे कंटाळवाणे काम आहे, आणि अनेक निबंधांत ते अर्धेच केलेले आढळते.

अमेरिकेतील हार्वर्ड येथे २०१३ साली रंगद्रव्य बाजूला ठेवून हिऱ्याचे सूक्ष्म कण पेशीत सोडले व त्यांच्या शेजारी सोन्याचा कण लेसरने तापवून त्यांची परीक्षा घेतली. हिरा आम्लतेला किंवा दाटपणाला दाद देत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तो पेशीत सर्वत्र पसरत नाही. जेथे पडला तेथलेच सांगतो.

आता गाठीचे काय? तेथे एक कण नसतो, कोट्यवधी कण असतात. प्रत्येकाची ऊब दहापट अंतरावर दहावा भाग उरते, पण ती शून्य होत नाही. आणि असे अगणित दहावे-शंभरावे भाग एकमेकांवर चढतात. परिणामी एकेका कणाभोवतीचा उंचवटा त्या एकंदर उबेपुढे नगण्य होतो आणि गाठीचा सगळा भाग सारखाच तापतो. २००६ साली अमेरिकेत केलेल्या एका हिशेबाने हे स्पष्ट केले. 'कण फक्त आपल्याला चिकटलेली पेशी जाळतो, शेजारणीला धक्का लागत नाही' असे जे वर्णन वर्तमानपत्रांतून येते, ते सतत चालू ठेवलेल्या लेसरच्या बाबतीत खरे नाही. शेजारीण तापते. म्हणून ह्यूस्टनच्या २००३ च्या प्रयोगात उंदरांच्या गाठींचे तापमान एमआरआय यंत्राने मिलिमीटरच्या मापाने पाहिले होते, आणि लेसर मिनिटांच्या हिशेबाने चालवला होता. त्या मापाला साधी धातूच्या दोन तारांची तापमापक सुईही पुरते.